चष्मा मिळाल्याबद्दल

मी एक जुने आभारपत्र आहे. मित्रांनो, मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, म्हातारे झाड फार गोड बोलतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात. मला ते जमत नाही.

मी पत्र आहे, तेव्हा पत्रासारखेच बोलते.

मायना

‘परमपूज्य, दानशूर, गोरगरिबांचे कैवारी शेठजी यांच्या चरणी बालिकेचा साष्टांग नमस्कार.’

ज्या मुलीने हे लिहिले तिला यातला ‘नमस्कार’ तेवढा ओळखीचा होता.

शेठजी म्हणजे इमारती लाकडाच्या वखारींचे मालक. घराणे श्रीमंत होते आणि उदारही होते. खोटे कशाला बोलू? त्यांनी बांधलेल्या दवाखान्यात आजही रांग असते. त्यांनी बांधलेल्या शाळेचे छप्पर गळत नाही. त्या शाळेतल्या ज्या मुलांना फळा दिसत नाही, त्यांना फुकट चष्मे द्यायचे असे शेठजींनी ठरवले. पण त्यांच्या मनात एक सल होता. लोक मदत घेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत, असे ते जेवताना, चालताना, दाढी करताना बोलून दाखवत. म्हणून पेढीवर नियम झाला: आधी आभारपत्र, मग मदत.

हे ऐकून पेढीवर कोणी हसले नाही. हसायला हवे होते.

मजकूर

मुलांना पेढीच्या दिवाणखान्यात जमिनीवर बसवले होते. कारकून येरझाऱ्या घालत मजकूर सांगत होते.

‘आपण दिलेल्या चष्म्यामुळे मला फळ्यावरील अक्षरे स्पष्ट दिसू लागली आहेत.’

मुलीचा हात थांबला. “काका, पण चष्मा अजून कुठे दिलाय?”

“मिळणारच आहे. लिही गुपचूप. फार शहाणी होऊ नकोस.”

तिने लिहिले. माझ्यावर फिकट निळ्या रेघा आखलेल्या आहेत. त्या तिला दिसत नव्हत्या. नाक कागदाला टेकवून ती लिहीत होती, म्हणून एका कोपऱ्यात शाई फरफटली आहे. पहिली ओळ चढणीला लागली. दुसरी घसरली. तिसरी दुसरीच्या अंगावर गेली. ‘स्पष्ट’ हा शब्द दोन रेघांच्या मधोमध पडला आहे, एखादे माणूस खड्ड्यात पडावे तसा.

मग समारंभ झाला. मुलांना चष्मे मिळाले. या मुलीचा नंबर फार जास्त होता, तशा काचा मागवाव्या लागणार होत्या. कारकुनांनी तिच्या नाकावर रिकामी फ्रेम चढवली आणि म्हणाले, “फोटोपुरता घाल.” फोटो निघाला. त्यांनी फ्रेम काढून घेतली, खणात टाकली आणि काचा आल्या की निरोप धाडतो, असे सांगितले.

निरोप कधी गेला नाही. का जाईल? तिचे आभार फायलीत होते. पेढीच्या हिशेबी आभार आले म्हणजे चष्मा गेला.

समास

इथे काही लिहायचे नसते. म्हणूनच हे इथे सांगते.

मुलीचे वडील पेढीवर आले. बरोबर तिचा मोठा भाऊ होता. वडिलांनी चप्पल बाहेर काढून ठेवली आणि चष्म्याचे विचारले. कारकुनांनी मला फायलीतून काढले, माझ्या मजकुरावर आपला पंजा पसरला आणि फक्त सही दाखवली.

“हे चष्मा मिळाल्याचं पत्र. पोरीच्याच हातचं आहे ना?”

वडिलांनी मान हलवली. आणि मित्रांनो, त्यांनी माफी मागितली. त्रास दिल्याबद्दल. पोरीने चष्मा हरवला, वर आपल्याला खोटे सांगितले, असे समजून ते मुलाचा हात धरून निघून गेले.

यात माझा काही दोष नाही, आणि तो मी अंगावर घेणारही नाही. मला साक्षीला उभे केले आणि माझेच तोंड दाबले.

पुढे मी गठ्ठ्यात गेले, गठ्ठा तळघरात गेला. खाली भाडेपट्टे, वर दवाखान्याचे नकाशे, चारी बाजूंनी ओल. माझा एक कोपरा कसरीने खाल्ला. मग घराण्याची कागदपत्रे जपायची ठरली. संग्रह सांभाळायला एक बाई आल्या. त्यांनी मऊ ब्रशने माझी धूळ झटकली, भेगांना पातळ कागद लावला. माझी शाई कोणती, माझा कागद कशाचा, सगळे त्यांनी शोधून काढले. “किती निरागस अक्षर!” असेही त्या म्हणाल्या. मला काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावले. खाली पाटी आली: ‘चष्मा मिळाल्यावर एका बालिकेला झालेला आनंद.’

ज्याला त्याला माझे अक्षर आवडत होते. ते असे का आहे, हे कोणी विचारत नव्हते.

सही

सहीवरून त्यांनी तिला शोधून काढले आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बोलावले. ती आता म्हातारी झाली होती. तिची स्वतःची लाँड्री होती, नाकावर स्वतःच्या कमाईचा जाड चष्मा होता. बरोबर भाऊ होता. तो दारातूनच सुरू झाला.

“बाई, हिच्या हातात काही मोलाचं देऊ नका हं. आमच्या घरी हिला हरवी म्हणतात. किल्ली सापडेना, विचारा हरवीला. कात्री सापडेना, विचारा हरवीला. शेठजींनी दिलेला चष्मा हरवलाय हिने. बाबा शेवटपर्यंत ऐकवत होते.”

“दादा, मिळालाच नव्हता.”

“बरं बाई. मिळालाच नव्हता.”

लहान मुलाला समजावताना लावतात तसा त्याचा आवाज होता. हे बोलणे दोघांचे इतक्या वेळा झाले होते की त्यात आता भांडणसुद्धा उरले नव्हते. पण ती आली होती त्यासाठीच. चष्मा मिळाला नव्हता, एवढे माझ्या खाली लिहिले जावे, आणि दादाने ते वाचावे. बाबा तर गेले होते.

धाकटे शेठ पुढे आले. थोरल्या शेठजींचे पणतू, बोलायला मृदू. फोटोवाला तयार होता. संग्रहाच्या बाईंनी काचेच्या पेटीतून एक जुनी फ्रेम अलगद काढून तिच्या हातात दिली.

“आजी, फोटोपुरता घाला ना.”

तिने फ्रेम घेतली. काचेच्या जागी बोट घातले. ते पलीकडून बाहेर आले.

“तेव्हाही याला काच नव्हती,” ती म्हणाली.

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग तिने सगळे सांगितले, इस्त्रीचे कपडे मोजून द्यावेत तसे, एकेक. हसणे थांबले. धाकटे शेठ वाकले आणि हळुवारपणे म्हणाले, “आजी, वयामुळे थोडं विसरायला होतं. पत्र तर तुमच्याच हातचं आहे ना?”

तेच वाक्य. फक्त या वेळी पंजा नव्हता.

भाऊ माझ्यासमोर येऊन उभा होता. कपाळावरचा चष्मा त्याने खाली ओढला. ओळ चढली तशी त्याची मान चढली, ओळ उतरली तशी उतरली. तो मला सहीपर्यंत वाचत गेला. मग पुन्हा वरून.

“शेठ,” तो म्हणाला, “रेघा आखलेल्या आहेत. पोरीला एकही सापडलेली नाही. ‘स्पष्ट दिसतं’ असं लिहिलंय, ते बघा कुठे लिहिलंय.”

संग्रहाच्या बाई पुढे आल्या. त्यांचे नाक काचेला टेकले. शाई ओळखणाऱ्या बाईंचा चेहरा उतरला.

भाऊ बहिणीकडे वळला. “तू मला कधी...” एवढे म्हणून तो थांबला. कारण तिने सांगितले होते. जन्मभर सांगितले होते.

त्याने तिला हरवी म्हटले नाही. तिच्या हातातली फ्रेम घेऊन पेटीवर ठेवली आणि म्हणाला, “चल.”

ता. क.

पाटी बदलली असेल, असे तुम्हाला वाटले ना?

दुसऱ्या दिवशी मला उतरवून खोक्यात ठेवले. संग्रहाच्या विश्वस्तांना वाद नको होता. चष्मा मिळाला नव्हता, अशी टीप बाईंनी माझ्यासाठी लिहिली आहे, ती मंजुरीला गेली आहे. भिंतीवर माझ्या जागी दुसऱ्या मुलीचे आभारपत्र आहे. त्याच्या ओळी सरळ आहेत.

जुने कागद जपा, असे सांगून अशा गोष्टी संपतात. मित्रांनो, मला जपलेले आहे. उत्तम जपलेले आहे. खोक्यात ओल नाही, कसर नाही, उजेडही नाही. म्हणून मला जपा असे मी म्हणत नाही, मला वाचा असे म्हणते. आणि उद्या कोणी तुमच्यापुढे कोरा कागद ठेवून आधी आभार मागितले, तर पेन खाली ठेवा.

आधी चष्मा मागा.