धवलारीण आणि झोपेची गोळी

सत्यवती ही जूचंद्र गावची धवलारीण. आगरी घरातलं लग्न तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नविधीच्या गाण्यांशिवाय, लागत नसे. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिने सासूकडून ऐकून पाठ केलं होतं. कामण-चिंचोटीची माणसंसुद्धा लग्नाची तारीख धरण्याआधी तिला विचारायला येत.

१९९७च्या मे महिन्यात चिंचोटीच्या एका लग्नात हळद चालू असताना ती मध्येच थांबली. पुढची ओळ आठवेना. तिने मागचं कडवं पुन्हा घेतलं. ते संपल्यावर तिसऱ्यांदा तेच घेतलं. नवरीची आई वळून बघायला लागली, तेव्हा मागे बसलेल्या जिजाने, सत्यवतीच्या नणंदेने, सूर उचलून धवला पुढे नेला. सत्यवती मांडवाच्या खांबाला टेकली आणि सगळ्यांसमोर तिचा डोळा लागला.

घरी पोचल्यावर जिजा भावाला, सत्यवतीच्या नवऱ्याला, म्हणाली, "दादा, वहिनीला काय तरी होतंय. जरा लक्ष ठेव."

धर्माने लक्ष ठेवलं, आणि दोन दिवसांत तांदळाच्या कणगीत त्याला गोळ्यांची पाकिटं सापडली.

चार वर्षांपूर्वी सत्यवतीचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती झोपेची गोळी लिहून दिली. पंधरा दिवस संपले, गोळी मात्र चालूच राहिली. मेडिकलवाला आधी जुनी चिठ्ठी बघून द्यायचा, पुढे चिठ्ठीही बघेनासा झाला. अर्धीची एक झाली, एकीच्या तीन झाल्या. आता तर ती झोपेसाठी घेतच नव्हती. नाही घेतली तर हात कापायचे, म्हणून घेत होती.

"चार वर्सं लपवलंस माज्यापासून?" धर्माने विचारलं.

"सांगितलं असतं तं तुमी घेऊ दिली नसती. त्याचीच भीती."

धर्माने एकेकाळी तंबाखू एका दिवसात सोडली होती. सगळंच तसं सुटतं, असं त्याला वाटायचं. त्याने पाकिटं नेऊन खाडीत टाकली आणि तिचा हात धरून म्हणाला, "आजपासून बंद. मी हाय तुज्याजवल."

पहिल्या दिवशी तिला घाम सुटत राहिला. दुसऱ्या दिवशी भांड्याचा आवाजही सहन होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता तिचं अंग ताठ झालं, डोळे पांढरे झाले, हातपाय झटके द्यायला लागले. जिजाने तिला कुशीवर वळवलं. धर्मा शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आला आणि दोघांनी तिला वसईला इस्पितळात नेलं.

तिथे मनोविकारांचे डॉक्टर आल्बर्ट तिला बघायला आले. कोणती गोळी, किती, किती वर्षं, बंद कधी केली, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

"मीच फेकल्या," धर्मा म्हणाला.

"काका, तुमचं मन चांगलं होतं, पण ही गोळी अशी तोडायची नसते. चार वर्षं मेंदू तिच्या आधाराने चाललाय. आधार एकदम काढला म्हणून फिट आली. यात जीवही जाऊ शकतो."

धर्मा म्हणाला, "म्हंजे मीच तिला..."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही. आता हळूहळू सोडवू."

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलेल्या सत्यवतीने विचारलं, "डॉक्टर, मी येडी झाली काय?"

"नाही. शरीराला औषधाची सवय लागलीय. सुटेल, पण सहा महिने लागतील, कदाचित वर्ष."

"आनि माजे धवले?"

"बरेचसे परत येतील असं वाटतं. पण शब्द देत नाही."

तो शब्द न दिल्यामुळेच तिचा त्यांच्यावर विश्वास बसला.

डॉक्टरांनी आधी तिला दुसरी, असर सावकाश उतरणारी गोळी दिली आणि मग दर पंधरा दिवसांनी ती थोडी थोडी कमी करत नेली. गोळ्या जिजाच्या ताब्यात असायच्या. धर्मा पाटावर नव्या ब्लेडने त्यांचे तुकडे करायचा, श्वास रोखून. दुपारचा चहा आणि दिवसाची झोप बंद झाली. संध्याकाळी दोघं नवराबायको बांधावरून चालून यायची.

दर गुरुवारी वसईला डॉक्टरांशी बोलायचंही असे. पहिले दोन महिने ती मोजकंच बोलली. मग एकदा म्हणाली, "पिशवी गेली तवापासून वाटतं, नवरीच्या ओटीला माजा हात लागला तं तिचं वाईट होईल."

"कोणी असं म्हणालं का?"

"कोन नाय. मीच."

चार वर्षं ती हे मनात घेऊन प्रत्येक मांडवात गेली होती. त्या दिवशी ती पोटभर रडली.

गणपतीत मात्र ती घसरली. चार रात्री डोळा लागला नव्हता. पाचव्या दिवशी ती एकटीच मेडिकलमध्ये गेली, पाकीट आणलं, एक गोळी घेतली. गुरुवारी उरलेल्या नऊ तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि मान खाली घातली.

"नऊ परत आणल्यात," डॉक्टर म्हणाले. "जूनमध्ये आणल्या असत्यात का?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी तीन आठवडे मात्रा तेवढीच ठेवली आणि मग पुन्हा उतरवायला घेतली.

शिमग्याच्या सुमाराला शेवटचा तुकडा बंद झाला. झोप पाच तास लागायची, कधी चारच. गाणी तुकड्यातुकड्यांनी परत आली. दुपारी ती आणि जिजा ओसरीवर बसून ती जुळवायच्या. दोन कडवी दोघींनाही आठवली नाहीत, ती गेलीच.

एप्रिलमध्ये गावातल्याच एका लग्नाला दोघी जोडीने बसल्या. नवरीची ओटी भरताना सत्यवतीचा हात क्षणभर थांबला.

"काय झालं गो?" नवरीच्या आईने विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तांदूळ घातले.

मग ती संध्याकाळपर्यंत गायली. दोनदा अडली, दोन्ही वेळा जिजाने ओळ दिली.

परतताना धर्माने विचारलं, "दमलीस?"

"दमली," सत्यवती म्हणाली. "भूक पन लागलीय. चला लवकर."