एक काडतूस कमी

जपानात, हिगाशी-कसाईच्या एका इमारतीत उल्का देवस्थळी तीन वर्षं राहत होती. सहावा मजला, दोन खोल्या, बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या. नवरा शशांक एका बँकेच्या सिस्टिमवर कॉन्ट्रॅक्टने काम करत होता. सकाळी सातला निघायचा, कधी परत येईल याचा नेम नसायचा. मुलगी जुई पाच वर्षांची. आई मराठीत बोलली की ती जपानीत उत्तर द्यायची. उल्काच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ असा शिक्का होता, म्हणजे नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट आहे तोवर ती इथे होती.

पुण्यात ती रायफल नेमबाज होती. राज्याच्या संघातून तीनदा राष्ट्रीय स्पर्धेला गेली होती. लग्न ठरल्यावर रायफल क्लबमधल्या एका ज्युनिअर मुलीला देऊन टाकली. त्या वेळी त्याचं फार काही वाटलं नव्हतं.

वॉर्डाच्या क्रीडा महोत्सवात एका तंबूत प्रकाशाच्या रायफली ठेवल्या होत्या. त्यातून गोळी सुटत नाही, नुसता किरण जातो, त्यामुळे परवाना लागत नाही. जुईसाठी म्हणून रांगेत उभी राहिलेली उल्का स्वतःच रायफल उचलून उभी राहिली. दहापैकी नऊ नेम मध्यावर बसले. तंबूत स्वयंसेवक म्हणून आलेल्या मोरिकावा-सान नावाच्या बाई तिचे पाय, कोपर, मान बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, “कुठे शिकलात?”

मोरिकावा-सान चौसष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्त फार्मासिस्ट. तीस वर्षं पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, स्पर्धेतली रायफल चालवत होत्या. त्यांनी उल्काला शेजारच्या चिबा प्रांतातल्या नेमबाजीच्या रेंजवर यायचं आमंत्रण दिलं. अट एकच. परवाना नसलेल्या माणसाने रायफलीला किंवा काडतुसाला हात लावायचा नाही. मागे बसून बघायचं. उल्का महिन्यातून दोन शनिवार जायला लागली. त्या दिवशी जुईला शशांक सांभाळायचा. नंतर तिने परवान्यासाठी अर्जही भरायला घेतला. पण त्यासाठी पोलिस घरच्यांशी बोलतात, ऑफिसातही चौकशी करू शकतात. शशांकची सही हवी होती. तो म्हणत होता, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होऊ दे, मग बघू. अर्ज चार महिने फ्रिजवर पडून होता.

त्या वर्षी मोरिकावा-सानच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. पुढचं वजन पेलेना म्हणून त्यांनी रायफलीची नळी आखूड करून घेतली. तेव्हापासून त्यांची ठरलेली काडतुसं नीट बसेनात. आखूड नळीतून गोळी लवकर बाहेर पडते, वेगात थोडा फरक पडतो, आणि सुटताना नळी जी थरथरते तिचा मेळ बदलतो. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या काडतुसांतही एका वेळी बनवलेल्या प्रत्येक लॉटची वागणूक निराळी असते. त्यामुळे निरनिराळे लॉट त्याच रायफलीतून मारून बघायचे आणि एक निवडायचा, एवढाच उपाय. काडतुसं घ्यायला पोलिसांची परवानगी लागते, वर्षाची खरेदी एकदाच होते. निवड चुकली तर पूर्ण वर्ष चुकलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मोरिकावा-सान पाच लॉटची थोडीथोडी काडतुसं नमुन्यादाखल घेऊन आल्या. रायफल टेकूवर ठेवून त्यांनी प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या पन्नास मीटरवर मारल्या, मग पुन्हा दहा-दहा. उल्का मागे दुर्बिणीला डोळा लावून कागदावरच्या भोकांची चित्रं वहीत काढत होती. दुसऱ्या लॉटच्या एका कागदावर भोकांचा गट इतका दाट होता की दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक दिसत होतं. मोरिकावा-सान खूष झाल्या. उल्काने नकारार्थी मान हलवली. तिने त्याच लॉटचा दुसरा कागद दाखवला. तिथे दोन गोळ्या खाली भरकटल्या होत्या. चौथ्या लॉटचा एकही गट तेवढा देखणा नव्हता, पण एकही गोळी भरकटलेली नव्हती.

तिने आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, “सगळ्यात चांगला कागद बघू नका. प्रत्येक लॉटचा सगळ्यात वाईट कागद बघा. स्पर्धेत तोच येतो.”

मोरिकावा-सान थोडा वेळ दोन्ही कागद बघत राहिल्या. मग त्यांनी चौथ्या लॉटवर पेन्सिलीने गोल केला. उल्काला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपण कुणाला काही उपयोगाचं सांगितलं.

सामान आवरताना मोरिकावा-सानचा दुखरा हात काडतुसं उभी ठेवायच्या लाकडी ठोकळ्याला लागला. काडतुसं बाकावरून खाली घरंगळली. उल्का सवयीने वाकली, तेवढ्यात मोरिकावा-सान म्हणाल्या, “हात लावू नका.” त्यांनी एकट्यानेच, गुडघ्यांवर बसून सगळी गोळा केली. मोजली. एक कमी भरलं.

जपानात वापरलेल्या आणि उरलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशोब जुळावा लागतो. रेंजच्या माणसाने दार बंद केलं. फरशी झाडली, चटया उलटल्या, बाक हलवले. सगळ्यांनी खिसे उलटे केले, पिशव्या रिकाम्या केल्या. दोन तास गेले. काडतूस मिळालं नाही. शेवटी पोलिसांना कळवलं गेलं, उल्काचं नाव-पत्ता लिहून घेतलं आणि तिला घरी जायला सांगितलं.

रविवारी सकाळी मोरिकावा-सानचा फोन आला. आवाज नेहमीसारखा शांत होता. त्या म्हणाल्या की पोलिसांनी रायफल ताब्यात घेतली आहे. काडतूस सापडलं नाही तर परवाना जाईल. या वयात पुन्हा मिळणार नाही. तुमचा काही दोष नाही, एवढं सांगायला फोन केला.

दुपारी जुईला बागेत न्यायचं म्हणून उल्का पिशवीत किल्ली शोधत होती. शनिवारी रेंजवर बाकाखाली उघडी ठेवलेली हीच पिशवी; तिचं आतलं अस्तर एका कोपऱ्यात उसवलं होतं. तिथून बोट आत गेलं आणि कडक, गुळगुळीत असं काहीतरी लागलं. ते बाहेर काढायच्या आधीच तिला कळलं होतं.

तिने ते टेबलावर ठेवलं. करंगळीच्या एका पेराएवढं पितळी काडतूस. शशांक लॅपटॉपवरून उठून आला. काय आहे ते समजल्यावर तो आधी दाराकडे गेला आणि कडी नीट लागली आहे का ते बघून आला.

उल्का म्हणाली की आत्ताच्या आत्ता मोरिकावा-सानना फोन करते. शशांकने तिचा हात धरला. त्याचं म्हणणं असं, की जिवंत काडतूस आपल्या घरात आहे. परवाना नसताना ते नुसतं जवळ असणं हाच इथे गुन्हा. पोलिस येतील, रिपोर्ट होईल. क्लायंट बँक आहे, कॉन्ट्रॅक्टची मीटिंग याच महिन्यात आहे. घरच्या माणसावर पोलिस रिपोर्ट म्हटल्यावर कोण रिन्यू करेल? मग व्हिसा गेला, जुईची शाळा गेली, सगळंच गेलं.

“ते पिशवीत पडलं, मी घेतलं नाही,” उल्का म्हणाली.

“तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुझा तर परवान्याचा अर्ज तयार आहे. म्हणतील, म्हणूनच घेतलं.”

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती खाली बसली. दिलं तर आपण चोर, ठेवलं तर खरोखरच चोर, आणि बोललं नाही तर एका भल्या बाईची तीस वर्षं गेली.

शशांक जरा मवाळ झाला. एक दिवस दे, म्हणाला. ऑफिसातल्या हरीशचं जपानी चांगलं आहे, त्याला नाव न घेता विचारतो, कायदा काय म्हणतो ते बघू. त्याने ते काडतूस टिशूत गुंडाळून फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत घातलं आणि डबी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली. उल्काने एक दिवस दिला. त्या संध्याकाळी तिने पोळ्या लाटल्या, जुईचं दप्तर भरलं, आणि फळीकडे बघायचं टाळत राहिली.

सोमवारी ती उठली तेव्हा शशांक निघून गेला होता. दाराजवळची काच, धातू अशा न जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी त्याने खाली नेली होती. तो कधीच नेत नसे. उल्का स्टुलावर चढली. फळीवर डबी नव्हती.

तिने त्याला फोन लावला. तो ट्रेनमध्ये असणार, उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने जुईला टीव्हीसमोर बसवलं आणि चपला घालून जिन्याने धावत खाली गेली. कचऱ्याची गाडी साडेआठला यायची. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

इमारतीसमोर कचऱ्यावर कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली वीसेक पिशव्या होत्या. आपली पिशवी तिने लगेच ओळखली. कुकरचं तुटकं हँडल बाहेरून दिसत होतं. ती फाडून तिने आतलं सगळं जमिनीवर ओतलं. डबी नव्हती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की शशांक हुशार माणूस आहे. त्याने ती दुसऱ्याच कुणाच्या पिशवीत टाकली असणार.

तिने शेजारची पिशवी सोडली. मग तिच्या पुढची. फुटक्या कपबशा, बल्ब, छत्र्यांच्या काड्या. ऑफिसला निघालेली माणसं तिला वळसा घालून जात होती. तिसऱ्या मजल्यावरची सुचेता मुलाचा हात धरून थांबली, काय झालं म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. कुणाच्यातरी काचेने उल्काचं बोट कापलं.

इमारतीचे केअरटेकर कुबोता-सान झाडू घेऊन आले. कचरा चुकीचा वेगळा केला म्हणून त्यांनी तिला दोनदा चिठ्ठी पाठवली होती. आता ते समोर उभे राहिले आणि तिच्याकडे, पसरलेल्या कचऱ्याकडे बघू लागले.

“धोक्याची वस्तू आहे,” ती जपानीत म्हणाली. “यात कुठेतरी. गाडीत गेली तर फुटेल. माझी चूक.”

कुबोता-साननी झाडू भिंतीला टेकवला. खिशातून पांढरे हातमोजे काढले, एक जोडी तिला दिली, दुसरी स्वतः घातली आणि दुसऱ्या टोकापासून पिशव्या उघडायला लागले. गाडी आली तेव्हा त्यांनी हात आडवा करून ती थांबवली. ड्रायव्हरला काय सांगितलं ते तिला कळलं नाही, पण गाडी थांबून राहिली.

डबी त्यांनाच सापडली, एका बिघडलेल्या राइस कुकरच्या भांड्यात. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि पोलिसांना फोन लावला.

दोन पोलिस आले. केअरटेकरच्या छोट्या खोलीत उल्काला बसवलं. जुईला कुबोता-सानच्या बायकोने सांभाळलं. फोनवरून एक दुभाषी बाई हिंदीत बोलत होती. तासाभराने मोरिकावा-सान आल्या. त्यांनी काडतुसावरचा शिक्का बघून आपलंच असल्याचं सांगितलं आणि उल्काकडे बघून वाकल्या. उल्काने अस्तर दाखवलं, केव्हा सापडलं ते सांगितलं. त्यांतला एक पोलिस लिहून घेत होता. त्याचा सूर अजिबात कडक नव्हता.

मग त्याने विचारलं, “डबीत घालून दुसऱ्याच्या पिशवीत कोणी टाकलं?”

दुभाषीने हिंदीत तेच विचारलं. उल्काला प्रश्न दोनदा कळला. मोरिकावा-सान खाली बघत होत्या. त्यांनाही माहीत असावं, असं उल्काला वाटलं. शशांकचं नाव सांगितलं तर रिपोर्टवर शशांक. त्याचं कॉन्ट्रॅक्ट गेलं की तिचा व्हिसाही गेला. आपलं सांगितलं तर फ्रिजवरचा अर्ज कायमचा तिथेच राहणार. पोलिसांना न सांगता काडतूस फेकून देणाऱ्या बाईला परवाना कोण देईल?

“मी,” ती म्हणाली. “घाबरले होते.”

पोलिसाने ते लिहिलं. तिने माफीपत्रावर सही केली, अंगठ्याचा ठसा दिला. पुन्हा असं होऊ नये, एवढी ताकीद देऊन ते गेले. शशांकच्या ऑफिसात काही कळवणार नाही असंही म्हणाले. बाहेर पडताना मोरिकावा-साननी तिचा कापलेल्या बोटाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पुढे पंधरा दिवसांनी त्यांना रायफल परत मिळाली. पण पाहुणे आणायची मुभा गेली, आणि त्या दोघी रेंजवर पुन्हा भेटल्या नाहीत.

शशांक त्या दिवशी लवकर, सहा वाजताच घरी आला. उल्काने त्याला सगळं क्रमाने सांगितलं. तो बूटही न काढता दारातच उभा राहून ऐकत होता. शेवटचं ऐकल्यावर त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

“माझं नाव नाही सांगितलंस,” तो म्हणाला.

“तुला वाचवलं असं समजू नकोस. तुझ्या व्हिसावर मी आहे, जुई आहे. मला दुसरं उत्तर नव्हतं.”

त्याने बूट काढले, आत आला, टेबलाशी बसला. हरीशला विचारलंच नव्हतं, असं त्याने कबूल केलं. भीती वाटली, म्हणाला. थोड्या वेळाने तो म्हणाला की मी उद्या पोलिसांकडे जातो आणि खरं काय ते सांगतो. हे तो मनापासून म्हणत होता, ते तिला दिसत होतं. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याची मीटिंग होती. बुधवारी जुईला ताप आला. गुरुवारी तो या विषयावर काही बोलला नाही आणि तिनेही विचारलं नाही.

महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं. शशांकने येताना केक आणला. जुईने जपानीत विचारलं की कुणाचा वाढदिवस आहे. कुणाचाच नाही, उल्का मराठीत म्हणाली, आपण अजून दोन वर्षं इथेच राहणार आहोत. आणि तिने सुरी घेऊन केकचे तीन सारखे तुकडे केले.