सोनूचा आकडा आणि माझा काटा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही मोठं मनगटी घड्याळ समजाल, पण वेळेशी माझं काही देणंघेणं नाही. मी एक जुना अल्टीमीटर आहे. विमानातून उडी मारणाऱ्याच्या मनगटावर बसायचं आणि जमीन किती खाली आहे ते काट्याने दाखवायचं, हे माझं काम. वर हवा विरळ, खाली दाट, त्यावरून मला उंची कळते. पाच हजार फूट दाखवले की उडी मारणारा पॅराशूट उघडतो. उशीर झाला तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

माझे पहिले मालक शरच्चंद्र सर, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांनी उडी मारायला शिकवलेल्या अश्लेषाला मला देऊन टाकलं. नागपूरला, वाडी भागात तिचं घर. वडील नत्थूजींचे ट्रक आहेत, दिवसभर दारात हॉर्न वाजत असतात. पहिल्या उडीनंतर अश्लेषाने माझ्या काचेचा मुका घेतला होता. ती माझी होती आणि मी तिचा, असं मी धरून चाललो होतो.

मग सोनू आला.

"पडताना मान वळवून मनगट काय पाहायचं? आकडा डोळ्यासमोरच दिसला पाहिजे," असं म्हणत अश्लेषा सीताबर्डीच्या बाजारातून तारा, हवेचा दाब मोजणारी डबी आणि चिमुकला पडदा घेऊन आली. ते सगळं हेल्मेटला जोडलं की उजव्या डोळ्यापुढे उंचीचा हिरवा आकडा उमटायचा. अजून धड चालत नव्हता तोच त्याचं बारसंही झालं, म्हणे सोनू! मला इतक्या वर्षांत कुणी हाक मारायला नाव ठेवलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढचं ऐकाल तर तुम्हीही चिडाल. आईची, सत्यवतीबाईंची, काचेची बरणी घेऊन तिने आम्हा दोघांना एकत्र आत कोंडलं. बरणीत आधी भिवापुरी मिरचीचं लोणचं होतं, त्याचा वास मला अजून सोडत नाही. पंपाने ती हवा काढून आत उंचावरच्यासारखी विरळ करायची आणि माझा काटा पाहून सोनूचा आकडा दुरुस्त करायची. म्हणजे उंची मी शिकवली, आणि माझ्याकडूनच शिकून हा माझ्या जागेवर बसणार! त्याचा आकडा चुकला की मला गुदगुल्या व्हायच्या. हा सर्वांसमोर तोंडावर आपटावा, असं मी रोज मनात म्हणायचो.

त्याला पहिल्यांदा आकाशात न्यायचा दिवस ठरला. निघताना सत्यवतीबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या. या घरात नवा ट्रकसुद्धा पूजेशिवाय हलत नाही.

"थांब वं, हळदकुंकू लावू दे त्याले," त्या म्हणाल्या.

"वं आई, नाजूक आहे तो!"

"मंग तर लावलंच पाहिजे. तू वरून उडी मारून राहिली, अन् म्या पूजाही नाही करायची?"

त्यांनी सोनूला चांगलं चिमूटभर कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी पिशवीत जळत पडलो. अश्लेषाने ओढणीने वरवर कुंकू पुसलं आणि आम्ही निघालो.

दूरच्या धावपट्टीवर ती मला पिशवीतच ठेवणार होती. तिथे आलेले शरच्चंद्र सर म्हणाले, "जुना मनगटावर नसेल तर विमानात पाऊल टाकायचं नाही." चला, उपकार झाले!

विमान सावकाश चढलं. सोनू आणि मी अगदी एकच उंची दाखवत होतो, त्यामुळे माझी आणखीच चिडचिड झाली. मग दार उघडलं आणि अश्लेषाने उडी मारली.

पडता पडता केवळ सवयीने तिने मनगट वळवलं. माझा काटा पाच हजारांवर आला होता. सोनू सात हजार दाखवत होता.

मित्रांनो, इतके महिने मला हेच हवं होतं. पण आता त्या चुकीवर तिचा जीव टांगला होता. सोनू तिने स्वतःच्या हाताने घडवलेला, तिचा लाडका. तिने त्याचंच ऐकलं तर? आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मनातून विनवलं, "अरे, खाली ये. माझ्याइतका खाली ये. खरं सांग तिला."

तो सांगत नव्हता. पण तिचा हात मागे गेला आणि पॅराशूट उघडलं.

घरी तिने सोनूला उघडलं. हवा आत येण्याच्या बारीक भोकात कुंकू भरलं होतं. चढताना हवा हळूहळू झिरपायला वेळ मिळाला, पण भरभर पडताना त्याचा आकडा मागे राहिला. सत्यवतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"माह्या हातानं झालं वं हे?"

"आई, रडू नको. कुंकू लाव, पण हेल्मेटच्या पट्ट्याले लाव," अश्लेषा त्यांना जवळ घेत म्हणाली.

नत्थूजींनी मला उचललं. "जुन्यानंच वाचवलं माह्या पोरीले!"

मी फुगलो. पण लगेच ती म्हणाली, "बाबा, दोघं वेगवेगळं सांगून राहिले तर जो कमी उंची दाखवते त्याचं ऐकायचं, असा नियम आहे. उलट झालं असतं तर म्या सोनूचं ऐकलं असतं."

मला फार लागलं ते. माझ्यावर प्रेम म्हणून नव्हे, मी कमी दाखवलं म्हणून तिने ऐकलं!

आता आम्ही दोघंही तिच्याबरोबर जातो. सोनूचं कौतुक झालं की माझ्या पोटात अजून दुखतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, नव्याचे लाड खुशाल करा, पण त्याला श्वास घेऊ द्या. जुन्याला पुसून हाताशी ठेवा, पण जुना आहे म्हणून डोळे मिटून त्याच्यावर भरवसा ठेवू नका. माझीही स्प्रिंग आता थकली आहे. एखाद्या दिवशी माझा काटा वरच अडकेल. त्या दिवशी सोनूने खरं सांगावं, आणि माझ्या लाडक्या पोरीने माझं मुळीच ऐकू नये.