रविवारी येते म्हणालीस

"काल तू आली नाहीस," एल्फ्रिडा म्हणाली. तिने दार उघडलं होतं, पण आत ये म्हणाली नव्हती.

बोडिलच्या दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या होत्या. ऑफिस सुटल्यावर ती दुकानात गेली होती आणि तिथून सायकल मारत, फियोर्डच्या खाडीवरचा वारा तोंडावर घेत, थेट आईकडे आली होती.

"काल? काल येते असं मी कधी म्हटलं?"

"मंगळवारी. फोनवर."

"आई, मंगळवारी आपलं बोलणंच झालं नाही."

"मला ऐकू कमी येतं, बोडिल. डोकं जागेवर आहे."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नारळाचा केक होता, न कापलेला. त्याच्या कडा वाळून वर आल्या होत्या. शेजारी सणासुदीला निघणारे निळे कप. म्हातारी काल दुपारभर खिडकीत बसून असणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"कुठल्या नंबरवर केला होतास फोन?" बोडिलने विचारलं.

"तुझ्या ऑफिसच्या. नेहमी करते तिथेच. तुझा मोबाइल दिवसभर तिथल्या कपाटात कोंडलेला असतो ना. तूच तर उचललास फोन. किती निवांत बोललीस. मी म्हटलं, रविवारी येशील का? तू म्हणालीस, हो, रविवारी नक्की."

बोडिल दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवत होती. तिचा हात तिथेच थांबला. फ्रिजचं दार उघडं राहिलं म्हणून त्यातून टिंग टिंग सुरू झालं. तिने ते इतक्या जोरात आपटलं की वरची फुलदाणी हलली.

तिची कंपनी श्रवणयंत्रं बनवायची. बोडिल तिथे विशीत लागली ती अजून तिथेच होती, मदतीच्या फोनवर. पूर्वी लोक शिट्टी वाजते म्हणून फोन करायचे, बॅटरी संपली म्हणून करायचे. मग यंत्रं हुशार झाली. ती मोबाइलला जोडली गेली, टीव्हीला जोडली गेली, दाराच्या घंटीलाही जोडली गेली, आणि ऐंशी वर्षांच्या माणसांना स्वतःच्या कानात काय चाललंय ते कळेनासं झालं. कानात घालायची वस्तू अचानक पासवर्ड मागते, हा काय प्रकार आहे, असं बोडिलला रोज वाटायचं. पण ती शांतपणे समजावत राहायची. कोपनहेगनच्या प्रशिक्षण विभागात जावं, माणसांशी कसं बोलायचं ते नव्या पोरांना शिकवावं, एवढी एकच हाव तिला होती. दर वेळी अर्ज केला की पुढच्या वेळी बघू, असं उत्तर यायचं. नेमणूक व्हायची ती कुणातरी कोवळ्या पदवीधराची.

गेल्या हिवाळ्यात येप्पे तिच्या टेबलाशी आला. येप्पे विभागाचा प्रमुख. वय तिशीचं, पायात पांढरे बूट. कंपनीला 'आपलं घर' म्हणायची त्याला सवय होती.

"सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज सगळ्यात धीर देणारा आहे," तो म्हणाला होता. "आम्हाला तो हवाय."

आरहुस शहरातल्या स्टुडिओत बसून तिने वाक्यं वाचली होती. आनंदाने, काळजीने, समजूत काढत. कुणीतरी आपल्याला विचारतंय, या भरात ती होती. ही पहिली पायरी, पुढची कोपनहेगन, असं तिने मनाशी धरलं होतं आणि दिलेल्या कागदावर सही केली होती. उन्हाळ्यात मदतीचे फोन घेणारं नवं यंत्र तिच्या आवाजात बोलू लागलं. ऑफिसात छोटे झेंडे लावलेला केक आला. कॅनडातल्या बहिणीने मुद्दाम फोन लावून ऐकलं आणि पोट धरून हसली. शरद ऋतूत शेजारच्या टेबलांवरच्या बायकांना घरी पाठवण्यात आलं. त्यांतली वीवी आपली कुंडी उचलून निघताना म्हणाली, "आता आमच्या वाटचंही तूच बोल बाई." तेव्हा ते बोडिलला फार लागलं होतं.

पण आपली आईच एक दिवस त्या यंत्राशी बोलेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आई, मंगळवारी मी नव्हते. ते मशीन होतं," ती म्हणाली. "माझा आवाज घातलेलं."

एल्फ्रिडाने निळे कप एकेक करून कपाटात ठेवले.

"पण तू मला आई म्हणालीस."

"तू बोडिल म्हणून हाक मारली असशील. समोरचा म्हणेल तसं ते म्हणतं."

"मग मी जे सांगितलं, ते तुला माहीत नाही?"

"नाही. काय सांगितलंस?"

म्हातारीने मान हलवली. "आता जा तू. मला पडायचंय जरा."

दुसऱ्या दिवशी बोडिल कोट न काढताच येप्पेच्या काचेच्या खोलीत शिरली. जे घडलं ते तिने सांगितलं. आवाज चढू नये म्हणून ती टेबलाची कड धरून उभी होती. येप्पेने मनापासून ऐकलं. त्याने संगणकाच्या पडद्यावर शोधाशोध केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"सापडला. हे बघ, घरी येऊन दुरुस्ती करायची विनंती आहे, असा मशीनचा समज झाला. रविवारी आपली माणसं जातच नाहीत, त्याने नाही म्हणायला हवं होतं. चांगलं पकडलंस, बोडिल. आजच सांगतो दुरुस्त करायला."

"ती दुपारभर खिडकीत बसली होती."

"वाईट वाटतं ऐकून. खरंच." तो परत पडद्याकडे वळला. "पण बघ ना, पाऊण तास बोलल्यात. आणि शेवटी पाचपैकी पाच दिलेत त्यांनी."

बोडिलला वाटलं, तो पडदा उचलावा आणि याच्या पांढऱ्या बुटांवर टाकावा. पाचपैकी पाच. आईने आयुष्यात कुणाच्या वाढदिवसाच्या केकलाही एवढे दिले नसते. पाऊण तास. आपण आईशी सलग पाऊण तास शेवटचं कधी बोललो, ते तिला आठवेना, आणि त्यामुळे ती अजूनच भडकली.

"मला ऐकव ते."

"नाही ऐकवता येत. ग्राहकाची गुप्तता."

"आई माझी. आवाज माझा. मग गुप्तता कुणापासून ठेवताय? माझ्यापासून?"

"नियम आहे गं. मी नाही केलेला."

"तुझा तो डबा ऐकतो, तुझी कोपनहेगनची पोरं ऐकतात, त्याला खायला घालायला अजून कोण कोण ऐकत असेल. आणि मी ऐकायचं नाही."

येप्पेने उठून दार लोटून घेतलं.

"हे मी पुढच्या महिन्यात सांगणार होतो," तो म्हणाला. "प्रशिक्षण विभागात एक जागा निघतेय. कोपनहेगनला. बोललेलं ऐकायचं आणि मशीन कुठे चुकलं ते सांगायचं. म्हणजे त्याला शिकवायचं. तुझ्याइतकं योग्य कुणी नाही. आणि त्या जागेवरच्या माणसाला सगळी रेकॉर्डिंग ऐकता येतात." तो किंचित हसला. "सगळी. समजतंय ना?"

तिला समजलं होतं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती जागा त्याने तिच्यासमोर ठेवली होती, आणि वर आईचं बोलणंही. या माणसाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट तिच्यासाठी आपण काहीतरी करतोय, असाच त्याचा भाव होता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि असं म्हणाल्याचाही तिला राग आला.

संध्याकाळी ती आईकडे गेली. एल्फ्रिडा राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा लावत होती. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला आणि बोडिलने पाहिलंय हे लक्षात येताच हात काढून घेतला.

बोडिलने तिला सगळं सांगितलं. जागेचं, रेकॉर्डिंगचं.

"म्हणजे तुला मोठं पद मिळेल," एल्फ्रिडा म्हणाली.

"हो."

"आणि माझं बोलणं ऐकायला मिळेल."

"मी त्यासाठी नाही घेणार. पण आई, तू मला आताच सांगितलंस तर मला ते ऐकायची वेळच येणार नाही. पडली होतीस का? डॉक्टर काही म्हणाले का?"

"मी तुला सांगितलं होतं," म्हातारी म्हणाली. "तुलाच सांगतेय असं समजून. ते असं रोज उठून सांगण्यातलं नसतं. ते सांगायला मला किती महिने लागले, तुला काय माहीत."

"मग परत सांग. मी बसलेय ना इथे."

"बसलीयेस. पण मघापासून दोनदा घड्याळ बघितलंस."

बोडिलने मनगट टेबलाखाली घेतलं.

"ते मशीन नव्हतं बघत," एल्फ्रिडा म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. हवेबद्दल बोलावं तसं ती बोलली. मग तिने पावाचा तुकडा लेकीच्या ताटलीत ठेवला. "आणि ऐक. तू ते ऐकू नकोस. चोरून नाही, पगार घेऊनही नाही. परक्या कुणी ऐकलं तर चालेल मला, ते मला ओळखत नाहीत. तू नको."

बोडिलला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच. आईचा, स्वतःचा, त्या आरहुसच्या स्टुडिओतल्या पोराचा, जो म्हणाला होता, जरा मायेने म्हणा ना, आपलं माणूस आजारी आहे असं समजा. तिने तेव्हा आईचाच चेहरा डोळ्यांसमोर आणला होता.

सकाळी ती येप्पेला म्हणाली, "ती जागा मला नको. माझा आवाज काढून टाक."

"आवाज आता कंपनीचा आहे, बोडिल. तू सही केलीयेस. जागेचा मात्र नीट विचार कर. अशी संधी परत येणार नाही."

"माझी आई त्याला पोटातलं बोलली, आणि तू मला त्याची शिक्षिका व्हायला सांगतोयस. तुला लाज कशी वाटत नाही, येप्पे? तुला आई आहे ना?"

बाहेरच्या टेबलांवरची मोजकी डोकी वर झाली. येप्पे लाल झाला आणि म्हणाला, "आपल्या घरात आपण असं बोलत नाही."

"हे घर नाही," बोडिल म्हणाली. "घरी आई असते."

तिने ओळखपत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. आपटायचं ठरवून ती आत आली होती. ऐनवेळी नुसतं ठेवलं.

वसंतात तिला नगरपालिकेच्या शाळेत मुलांच्या जेवणघरात काम मिळालं. तिथे ओरडावं लागायचं आणि दुपारपर्यंत घसा बसायचा. त्याचं तिला बरं वाटायचं. वकिलाने कागद वाचून सही पक्की असल्याचं सांगितलं. यंत्र तिच्या आवाजात बोलतच राहिलं. गावातले म्हातारे तिला दुकानात थांबवून मागच्या वेळच्या मदतीबद्दल आभार मानायचे. सुरुवातीला ती भांडल्यासारखी प्रत्येकाला सांगायची, ती मी नव्हे. ते भांबावून माफी मागायचे. मग तिने सांगणं सोडलं. राग मात्र सुटला नाही. रात्रीची भांडी घासताना, सायकलची साखळी बसवताना, कुठेही तो वर यायचा.

रविवारी ती न चुकता आईकडे जायची, घड्याळ घरी ठेवून. एल्फ्रिडा शेजाऱ्याच्या वाढलेल्या कुंपणाबद्दल बोलायची, चर्चमधल्या नव्या बाईंच्या बेसूर गाण्याबद्दल बोलायची. ते एक कधीच बोलली नाही. बोडिलनेही पुन्हा विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती जरा लवकर पोचली. दार लोटलेलं होतं. आतल्या बोळात पाऊल टाकताच तिला स्वयंपाकघरातून स्वतःचा आवाज ऐकू आला.

"मग गुडघा कसा आहे आता?" तो आवाज विचारत होता, सावकाश, मायेने.

"तसाच," एल्फ्रिडा म्हणाली. फोन टेबलावर उभा करून ती समोर हात जुळवून बसली होती. दाराकडे पाठ होती. "पण प्रश्न गुडघ्याचा नाही. मी तुला मागे सांगितलं ना..."

बोडिलच्या मुठी वळल्या. दोन पावलं टाकली असती की तो फोन तिच्या हातात आला असता.

ती पाय न वाजवता मागे सरकली, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. कुंपणापाशी वाऱ्यात उभी राहिली. कोटाची गुंडी पिळता पिळता तुटून हातात आली, ती तिने खिशात टाकली. आतला बोलण्याचा गुणगुणाट थांबला, पेल्यांचा आवाज झाला, तेव्हा तिने दाराशी जाऊन घंटी वाजवली.

"किती वेळ झाला येऊन?" एल्फ्रिडाने विचारलं.

"आत्ताच," बोडिल म्हणाली, आणि बूट काढायला खाली वाकली.