दुसरा घोट

ज्या माणसाची जीभ सोमवारी कापायची आहे, त्यानं शनिवारी दुपारी डायनिंग टेबलावर वाइनच्या चार बाटल्या मांडाव्यात आणि बायकोला म्हणावं, "पांढरी चादर टाक वं याच्यावर, रंग पाह्याचा हाये," तर बायकोनं काय करावं? मी चादर टाकली. माझी भांडणं मागच्या महिन्यातच संपली होती.

जीभ किती जाणार हे डॉक्टर सांगत नव्हते. ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यावर ठरेल, म्हणाले. अर्धी जाईल, कदाचित सगळी. चव मात्र राहणार नाही आणि जेवण नळीतून, एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

माझे यजमान संघपाल उभा जन्म कोराडीच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून खर्रा सुरू झाला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. मी शाळेत मास्तरीण. पोरांच्या दप्तरातल्या पुड्या जप्त करायचे आणि घरी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातल्या पुड्या धुण्याआधी काढून ठेवायचे. आमच्या घरात दारूचं नाव निघत नव्हतं. सासूबाई, तुळसाबाई, रोज पंचशील म्हणायच्या, मीही म्हणते. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. खर्ऱ्याचा त्यात उल्लेख नाही, म्हणून तो आमच्याकडे उजळ माथ्यानं आला आणि त्यानंच घात केला. तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग या घरात वाइन कशी आली? ती प्यायला आली नव्हती, ठेवायला आली होती. एकदा ट्रेनिंगसाठी हे नाशिकला गेले, तिथून एका द्राक्षमळ्यावर. मळ्याच्या मालकानं एकाच शेतातल्या लाल वाइनचे तीन पेले पुढं ठेवले, तीन वेगवेगळ्या सालांचे. वेल तीच, माती तीच, पण त्या साली ऊन कसं पडलं, थंडी किती टिकली, त्यावर चव बदललेली. हे घरी आले ते वेड लागल्यासारखे. मला म्हणाले, "सरिता, आम्ही जन्मभर वीज बनवून राहिलो. कालची वीज अन् आजची वीज कोणी ओळखून दाखवावी! तिकडं सालाले चव असते वं."

"पाचव्या शीलाचं काय?" मी विचारलं.

"मी पिऊन नाही राहिलो, ठेवून राहिलो," म्हणाले. असं बोलण्यात ते मला कधी हार गेले नाहीत.

त्यानंतर जमेल तेव्हा त्याच मळ्याची बाटली यायची. रिटायर झाल्यावर सगळी सालं एकदम उघडायची, शेजारी शेजारी ठेवायची आणि चाखून बघायची, हे त्यांचं ठरलेलं. रिटायर झाले. मग म्हणाले, अजून मुरू दे. खर्ऱ्यानं जिभेच्या डाव्या बाजूला पांढरा चट्टा पडला होता, तोही मुरत होता. त्याला मात्र "मुर" म्हणावं लागलं नाही.

बाटल्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत, पोत्यात गुंडाळलेल्या. उन्हाळ्यात पोतं ओलं करायचं, माठाला करतो तसं. हे काम ते इतक्या मनापासून करायचे की मला त्या पोत्याचा मत्सर वाटायचा. पण आमचं घर मानकापूरला, वरच्या मजल्यावर. आणि दर मे महिन्यात आम्ही पुण्याला, मुलीकडे, प्रणालीकडे. घर बंद, कूलर बंद, वर तापलेली गच्ची. निघताना गॅस बंद केला का हे दोन-दोनदा बघायचो. पोतं कोण भिजवणार, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात कधी आला नाही. एवढी शिकलेली माणसं आम्ही.

तर शनिवारी त्यांनी बाटल्या मांडल्या. प्रत्येकीपुढं सालाची चिठ्ठी: बारा, चौदा, सोळा, एकोणीस. नवे काचेचे पेले. शेजारी एक चमचा, कारण पेल्याला ओठ लावून पिणं आता जमत नव्हतं. जिभेची उजवी कड अजून धड होती, तिथं चमच्यानं थोडं सोडायचं. नाकाचा उपयोग नव्हता. त्या कॅन्सरच्या जखमेला वास येतो आणि तो सतत त्यांच्याच नाकाखाली असतो. त्यांना दुसरा वासच येईनासा झाला होता.

"एक तरी नीट लागली पाह्यजे," म्हणाले. "एक. मंग घेऊन जा म्हणा जीभ."

पहिल्या बाटलीचं बूच भुगा होऊन आत पडलं. मी चहाच्या गाळणीनं गाळून दिली. पांढऱ्या चादरीवर तिचा रंग गेरूसारखा दिसत होता. त्यांनी चमचा लावला, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"उकळली हाये," म्हणाले.

दुसऱ्या बाटलीचं बूच उष्णतेनं वर ढकललं गेलेलं, लेबलवर चिकट ओघळ. ती तशीच. तिसरी तशीच. चौथी त्यांनी माझ्याकडे सरकवली, ती मी उघडली. करपलेल्या गुळात चिंच कोळावी तसं काहीतरी, असं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तरी सोडेनात. परत बारावर गेले, परत सोळावर. चौदा थोडी वेगळी आहे म्हणाले, पुन्हा चमचा लावला, आणि मान हलवली.

"चार सालं अन् एकच चव," म्हणाले. "मे महिन्याची."

मला त्या बाटल्या एकेक करून गॅलरीतून खाली फेकाव्याशा वाटल्या. संघपालांवर राग काढता येत नव्हता, खर्ऱ्यावर काढून झाला होता, आता बाटल्याच उरल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आंबट झोंबत असेल म्हणून मी चूळ भरायला पाणी दिलं, ते त्यांनी लाल करून थुंकलं.

तेवढ्यात भैयाजी आले. भैयाजी म्हणजे यांचे कंट्रोल रूममधले सोबती, आता उमरेडला असतात. दोघं एकाच टपरीवरचा खर्रा खायचे, एकाच पुडीतला. भैयाजींना काहीही झालेलं नाही. म्हणून ते हल्ली आमच्या घरी मान खाली घालून बसतात. आज त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

"वहिनी, हे भाऊनंच देल्ली होती मले, माही पोरगी नोकरीले लागली तवा," ते म्हणाले. "मी काही घेत नाही. आमच्या घरवालीले, गोदूबाईले, फेकाचीबी भीती, ठेवाचीबी भीती. तिनं फ्रीजमंदी भाजीच्या डब्यामांगं सरकवून देल्ली. तवापासून तिथंच होती. म्हटलं, आता भाऊलेच नेऊन देतो."

"भैयाजी, वरातीमागून घोडं आणलं तुम्ही," मी म्हटलं.

बाटली थंडगार होती. चिठ्ठी लावायची गरज नव्हती, लेबलवर साल होतं: चौदा. त्या साली यांनी दोन घेतल्या होत्या. एक आमच्या पलंगाखाली मेली होती, दुसरी गोदूबाईच्या कोथिंबिरीमागं जगली होती.

बूच अख्खं निघालं. संघपालांनी ते तळहातावर घेऊन खूप वेळ बघितलं. मी पेल्यात ओतली. शेजारी चार गेरूचे पेले आणि हा लाल, गडद, आरपार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं, त्यात अंतरपाट नव्हता, पण पहिल्यांदा बघायला आले तेव्हा असंच बघितलं होतं.

चमचा तोंडात गेला आणि ते कळवळले. चार आंबलेल्या बाटल्यांनी ती धड कडसुद्धा सोलून टाकली होती. थुंकलं ते रक्तच जास्त. त्यांनी पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भैयाजींनी त्यांचा हात धरला. "राहू दे गा भाऊ," म्हणाले आणि त्यांच्याआधी स्वतःच रडायला लागले.

संघपालांनी पेला माझ्याकडे सरकवला. "तू पाह्य."

मी इतकी वर्षं म्हणत आलेलं शील मोडण्याआधी थोडा तरी विचार करायला हवा होता. केला नाही. घोट घेतला.

चांगली होती. पहिल्यांदा जांभळासारखी, आणि मग त्यात अजून काय काय उघडत गेलं, गिळल्यावरही थांबलं नाही. एका साली नाशिककडे ऊन कसं पडलं असेल, थंडी किती दिवस राहिली असेल, ते सगळं मला कळतंय असं वाटलं. हे ज्यासाठी वेडे झाले होते ते हेच. मी दुसरा घोट घेतला.

मग पेला खाली ठेवला.

खरं सांगितलं असतं तर ते हातभर अंतरावर राहिलेली चव उराशी घेऊन सोमवारी टेबलावर गेले असते. मला ते सोसवलं नाही.

"हीपण आंबली हाये," मी म्हटलं.

पाचवं शील मोडल्यावर चौथं मोडायला वेळ लागला नाही. चौथं खोटं न बोलण्याचं.

"फ्रीजमधी? काहून आंबन?"

"उमरेडले लाइट जाते ना. रंगावर जाऊ नका."

भैयाजींनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. संघपालांनी तो लाल पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "बरं झालं. मांगं काही राह्यलं नाही."

मी पाचही बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. चांगली सगळ्यात शेवटी ओतली आणि नळ मोठा सोडला.

जीभ सगळी गेली.

हॉस्पिटलात मी शाळेतली जुनी पाटी आणि पेन्सिल नेली. नाकात नळी, मानेला पट्ट्या, आणि मांडीवर पाटी. सुरुवातीला ते एकेक शब्द लिहायचे. दुखते. पंखा. प्रणाली. मी वाचायचे, पुसायचे. त्यांचं अक्षर कंट्रोल रूममध्ये नोंदी करणाऱ्या माणसाचं, स्वच्छ. असे बरेच दिवस गेले. वॉर्डात फिनेलचा वास, माझ्या तोंडात कॅन्टीनच्या चहाची चव, रात्रंदिवस तीच.

एका दुपारी त्यांनी खूप वेळ लावून लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"दुसरा घोट काहून घेतला?"

आंबलेल्या वाइनचा कुणी दुसरा घोट घेत नाही. त्यांनी तेव्हाच बघितलं होतं. बघून गप्प राहिले होते, माझ्यासाठी.

मी उठून पडदा ओढला. स्टूल जवळ घेतलं, त्यांचा हात हातात घेतला. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "चांगली होती," मी म्हटलं. "लय चांगली होती जी."

त्यांचे डोळे भरले. रागावले नव्हते. पाटी ओढून घेतली, खाली लिहिलं: "कशी?"

मी सांगायला तोंड उघडलं. "जांभळासारखी," म्हटलं. ते पेन्सिल धरून थांबले. पुढचं सांगण्यासाठी मी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली. फिनेल. चहा. त्या शनिवारी तोंडात जे जे उघडलं होतं त्यातलं काहीही येईना. जांभळासारखी हा शब्द उरला होता, आणि तो तर रस्त्यावरच्या जांभळांनाही लागू होता. जगात ती चव ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि ते विसरलं होतं.

"जांभळासारखी," मी पुन्हा म्हटलं. "अन्…"

ते थांबले. मग त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं, "पंखा."

मी उठून पंखा लावला.