राखेतला ब्लॉक

"कपाला कान बी आता कुटंबी लावाया लागलेत," बनुबाई माझ्याजवळ सरकून पुटपुटल्या.

समोर आबासाहेबांचा हात चहाच्या कपाभोवती फिरत होता. कान डावीकडं, हात उजवीकडं. बनुबाईंनी पदर सावरता सावरता कप हळूच वळवला. कान बोटाला लागला, नवऱ्यानं चहा घेतला, आणि आमच्या राहात्याच्या गॅरेजात सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं. त्या कामात आम्ही एव्हाना तरबेज झालो होतो.

आबासाहेब फौजेत ड्रायव्हर होते. अर्धं आयुष्य जोंगा, फौजेची ती जीपसारखी गाडी, चालवली. नगरला लष्कराच्या भंगार गाड्यांच्या लिलावात एक गंजकी जोंगा दिसली, तर गाय आणावी तशी घेऊन आले आणि आमच्या दारात उभी केली. मग काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीचा भरवसा नाही. आबासाहेबांचं मागणं एवढंच होतं, की नजर आहे तोवर ही गाडी एकदा पाटाच्या कडेनं स्वतः चालवत घरी न्यायची. "मला अजून दिसतंय," हे ते कुणी न विचारता सांगायचे.

पत्रा झाला, सीट झाली, हिरवा रंग झाला. येणारे-जाणारे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढत. राहिलं होतं इंजिन. त्याच्या ब्लॉकला, जिथून पाणी खेळतं त्या बाजूला, चीर होती. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा; बीड थंड असताना वेल्डिंग केलं की ते शेजारी नव्यानं तडकतं. आधी सगळा ब्लॉक तापवायचा, मग सावकाश निववायचा. एवढी भट्टी कुठली आणायची? माझा नवरा यशया तिसऱ्या दिवशी कारभारींच्या गुऱ्हाळावर गेला.

कारभारींनी उसाच्या रसाची काहील उतरवून चुलाण मोकळं करून दिलं. "गूळ कडक झाला तर मला इचारू नका," एवढंच म्हणाले. ब्लॉक तापला, यशयानं चीर भरली, आणि तो चिपाडाच्या गरम राखेत पुरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वरची राख काढली. यशयानं हात जवळ नेऊन मागं घेतला.

"आतून गरम हाय आजून. उद्या बघू, आबासाहेब."

पण आबासाहेब नारळ घेऊनच आले होते. आमच्याकडं मोटार असो की पिठाची गिरणी, नव्या कामाला नारळ फुटतो. आम्ही रविवारी चर्चला जाणारे. पण दुसऱ्याच्या नारळाला नाही म्हणत नाही, खोबरं गोडच लागतं. यशयानं एक दगड आणून बाजूला ठेवला.

"ह्याच्यावर फोडा."

"बघतोय न्हवं मी," आबासाहेब म्हणाले. त्यांनी नारळ कपाळाला लावला, हात उंच नेला आणि ब्लॉकवर हाणला.

नारळाचं पाणी नुकत्याच भरलेल्या चिरेवरून वाहत गेलं. चर्र झालं, वाफ उठली, आणि त्या वाफेच्या आतून एक बारीक आवाज आला. टक्. बोट मोडल्यासारखा. कारभारी चुलाणाकडं बघू लागले. बनुबाई खाली वाकून खोबऱ्याचे तुकडे वेचू लागल्या.

"एका दणक्यात फुटला का न्हाई?" आबासाहेबांनी विचारलं.

"एकाच," यशया म्हणाला.

घरी आणल्यावर त्यानं ब्लॉकवर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडा पुसला आणि खडूची भुकटी चोळली. पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटत गेली, केसासारखी. मी बघतेय हे बघून त्यानं ती फडक्यानं पुसून टाकली. पुसली म्हणून जाणार थोडीच होती.

मग दुसऱ्या ब्लॉकसाठी फोन सुरू झाले. नगरचे भंगारवाले झाले, पुण्याचे झाले. ज्यांच्याकडं होता, त्यांचा कधीच भट्टीत वितळून गेला होता. पुन्हा तापवावा, तर त्या चिरेपाशी आता वेल्डिंग धरण्याएवढं बीडच उरलं नव्हतं.

"सांगून टाका की त्यांना," मी म्हटलं.

"चीर पडली सांगितलं की कशानं ते सांगावं लागंल. आन कशानं ते सांगितलं, की मग..." त्यानं पाना उचलला. जोडणी मात्र थांबवली नाही. आबासाहेब रोज यायचे, व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावून दोन तळव्यांत घुसळत बसायचे. ते काम त्यांच्या बोटांना नीट जमत होतं. जमत होतं म्हणून जास्त वाईट वाटायचं.

दिवाळी सरली. एका सकाळी इंजिन सुरू झालं. खरंच झालं. आबासाहेब स्टिअरिंगवर बसले होते. त्यांनी गिअरच्या दांडीवर हात ठेवला आणि मान किंचित वाकडी करून ऐकत राहिले. मागून पांढरा धूर निघत होता, चूल विझवावी तसा. थोड्या वेळानं आवाज अडखळायला लागला, तसं यशयानं बंद केलं. ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली. त्याचा चेहरा मी बघितला, पट्टी बघायची गरजच पडली नाही.

"कसंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"बरं हाय."

"रंग सांग."

"मधासारखा," यशया म्हणाला.

"आण इकडं."

आबासाहेबांनी पट्टी हातात घेतली, गाडीबाहेर उन्हात धरली, डोळे बारीक केले. पट्टीवरून दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी ओघळून त्यांच्या पांढऱ्या बाहीवर थेंब थेंब पडत होतं.

"व्हय, मधासारखंच हाय की," ते म्हणाले. "यशया, फाटक उघड."

यशया हलला नाही. मी फाटकाकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. आता बनुबाई ऑइलला नावं ठेवतील, उन्हाला ठेवतील, धोब्याला तरी ठेवतील, असं वाटलं. त्या पुढं गेल्या. नवऱ्याच्या हातातून पट्टी घेतली, ती बाही स्वतःच्या पदरानं पुसली.

"अहो, ते पांढरं हाय. इंजिनात पाणी शिरलंय," त्या म्हणाल्या. "नारळ दगडावर पडलाच न्हवता. तुमाला दिसत न्हाई."