बाहेरचे खटके

बाबलीमेस्ताने ग्राइंडर फिरवून गाडीचं टप उतरवलं, तेव्हाच त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या मनात पाल चुकचुकली. पण तिच्या मनात पाल बारा महिने मुक्कामालाच असायची, त्यामुळे तिने स्वतःही तिकडे लक्ष दिलं नाही.

गाडी पेडण्याच्या गोकुळदासची. बँकेत नोकरी करणारा माणूस. त्याने खाणीवरची फोर बाय फोर पिकअप लिलावात घेतली आणि कारापूरला बाबलीच्या शेडमध्ये आणून उभी केली. मागे सामानाचा पत्र्याचा बंद डबा होता. त्याला म्हणे उचलतं छप्पर हवं होतं. मोबाइलवर त्याने चित्र दाखवलं. छप्पर मागून वर उचलायचं, तीन बाजूंनी कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहायच्या, आणि आत बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन झोपायचं. वारापाऊस आला की आतला पट्टा ओढून छप्पर खाली. थेट हिमालयापर्यंत जायचा बेत होता.

"घर नाय तुमका?" शेवंतीने विचारलं होतं.

"आसा गो वयनी. म्हणूनच भायर पडपाचें," गोकुळदास हसला.

बाबली आणि शेवंती मूळची दोडामार्गकडची, खाणींच्या मागून इकडे गोव्यात आलेली. तीस वर्षं तो खनिज वाहणाऱ्या टिपरचे हौदे बांधायचा, ती त्यांच्या ताडपत्र्या शिवायची. खाणी बंद पडल्यावर टिपर जागच्या जागी गंजले. पण पत्र्यावर घण मारून मारून गेलेले बाबलीचे कान काही परत आले नाहीत. उरलंसुरलं ऐकू येणं तो गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवतो, असं शेवंती म्हणायची.

छप्परही त्याने टिपरच्याच पद्धतीने केलं. वर चार माणसं नाचली तरी वाकणार नाही इतका जाड पत्रा. कडेने रबराची पट्टी. आणि टिपरच्या मागच्या फाळक्याला असतात तसले चार लोखंडी खटके, बाहेरून. छप्पर खाली आलं की आपल्याच वजनाने पडणारे.

"हात लावूक नको," तो गोकुळदासला दाखवत म्हणाला. "ओढलास की खट्ट! दगडातून गेलास तरी उघडूचा नाय."

गोकुळदासला तो खट्ट इतका आवडला की त्याने तीनदा करायला लावला. मागच्या दारालाही तसाच खटका बसला. शेवंतीनेही मान डोलावली. तीस वर्षं दोघांनी एवढंच पाहिलं होतं, की आत भरलेलं बाहेर सांडता कामा नये. आणि खनिजाला कधी बाहेर यावंसं वाटत नाही.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी गोकुळदास गाद्या ठेवून गेला. त्यांच्यावर मुलीची छोटीशी उशी, निळ्या माशांची. बाबलीने सकाळीच उग्र सोल्युशनने रबर चिकटवलं होतं आणि दुपारी तो गळती बघायला घाई करत होता.

"तू भितर जा," तो म्हणाला. "टाकी संपेसर मी पाणी मारतंय. खय उजेडाचो ठिपको दिसलो, तर खडूची खूण कर. सगळा झाला की भायर ये."

"ह्या वासात?"

"काय?"

"काय नाय," म्हणत ती आत चढली. कॅनव्हासचे राहिलेले दोन टाके नंतर घालायला तिने दाभण बरोबर घेतला. बाबलीने मागून दार लावलं. खट्ट. तिने पट्टा ओढला आणि छप्पर खाली आलं. खट्ट, खट्ट, खट्ट, खट्ट. गुडूप अंधार झाला.

वर पाणी धडाधडा वाजू लागलं. शेवंतीने सगळे कोपरे चाचपले. कुठे थेंब नाही, कुठे ठिपका नाही. तिला दोघांच्या कामाचं कौतुक वाटलं. पण रबराच्या सोल्युशनचा वास नाकातून डोक्यात चढत होता आणि डोळे चुरचुरत होते. टाकी संपली, पाणी थांबलं. तिने छप्पर वर ढकललं. हललं नाही. दाराकडे वळून कडी शोधली, तर हाताला नुसता सपाट पत्रा लागला. वरून खालपर्यंत सपाट.

तेव्हा तिला कळलं.

"अवो! उघडा!" तिने दोन्ही मुठी आपटल्या. बाहेर काही हालचाल नाही. बाबली कुठे आहे हे तिला न बघताच ठाऊक होतं. समोरच्या जुन्या टायरवर बसून बिडी ओढत असणार. शेवंती कामाची चोख, कोपरा न् कोपरा बघून येईल, म्हणून खुशाल वाट बघत असणार. तो तिच्या बाहेर येण्याची वाट बघत होता आणि ती त्याच्या उघडण्याची.

तिने पुन्हा ठोकलं. हातातला खडू मोडला. डोकं जड झालं, ती गादीवर बसली आणि हाताखाली ती छोटी उशी आली. वारापाऊस आला की पट्टा ओढायचा, गोकुळदासने सांगितलं होतं. कुठल्याशा घाटात, आसपास चिटपाखरू नाही, आणि तिघं आत. खट्ट.

ओरडून उपयोग नव्हता. नवऱ्याला बायको ऐकू येणार नव्हती. पण त्याचे डोळे शाबूत होते आणि स्वतःच्या कामावर पडलेला ओरखडा त्याला मैलावरून दिसायचा. शेवंतीने दाभण उचलला, टायरच्या बाजूच्या कोपऱ्यात रबराला टेकवला आणि सगळा भार टाकून आरपार घातला. मग वरखाली हलवत राहिली.

बाहेर आरोळी उठली. हातोड्याचे घाव पडले, दार उघडलं.

"रबर फाडलंस? सकाळी बसयलेला रबर!"

शेवंती दारातूनच खाली वाकली आणि ओकली. मग तोंड पुसून ओरडली. "कवाधरना ठोकतंय! खटके भितरसून उघडनत नाय!"

"टिपराचे खय उघडतत?" बाबलीने अगदी मनापासून विचारलं.

"टिपरात तीन वर्साचा चेडू निजता?"

"गे, तू भियालंस. वासान घुमलंस. गाडी उद्या जाताली, आता काय एक बदलूचा नाय." तिच्याकडे पाठ करून तो आत चढला. भोक केवढं पडलंय ते आतूनच दिसलं असतं, आणि त्यासाठी अंधार हवा. छप्पर लागलेलंच होतं, उजेड येत होता तो फक्त दारातून.

दार शेवंतीने लावलं.

ती टायरवर जाऊन बसली. टायर अजून त्याच्या अंगाने ऊबदार होता. पहिले दोन ठोके हुकमाचे आले. मग तीन रागाचे. मग आतून पत्रा चाचपल्याची खरखर, आणि मग दोन्ही हातांनी, ताल सोडून. तिचा जीव तुटत होता, तरी ती उठली नाही.

"शेवंते!"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, सगळं 'गे'वर भागलं होतं. ती उठली. खटक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात ठोके थांबले. ते मात्र तिला सोसवलं नाही. तिने हातोडा हाणला.

बाबली बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. जमिनीवर बसून श्वास घेतला, मग पाना शोधला आणि पहिल्या खटक्याचे नट सोडवू लागला.

शेवंतीने गोकुळदासला फोन लावला. "उद्या येव नका. अजून चार दिस लागतले."

"कित्याक वयनी? छप्पर गळता?"

"नाय हो," ती म्हणाली. "थेंब गळणा नाय. ताच तर वायट."